गालातला स, घशातला र

आबा,

माझ्या नातीचा र घशातून येतो. लहान आहे म्हणून इतके दिवस कुणी मनावर घेतलं नाही, उलट घरात सगळे तिला मुद्दाम बोलायला लावून हसायचे. आता तिचे दुधाचे दात पडायला लागले आणि र मात्र तसाच राहिला. स स्वच्छ आहे, तेवढं माझ्यापेक्षा तिचं बरं. मागच्या आठवड्यात माझा मुलगा जेवता जेवता म्हणाला, "आई, आजोबा साहेबलोकांच्या जिभा वळवायचे ना, मग हिची तू वळव की." तो सहज बोलला. मी भाताचं पातेलं हातात घेऊन उठले ती वाढायचं सोडून परसात जाऊन उभी राहिले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. वाल सोलायला घेते आणि अर्ध्यावर टाकून उठते. दुपारी पडते आणि लगेच उठून बसते. तुम्हाला एक विचारायचं होतं, आणि मला ते विचारायचं आहे हे कळलं तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आज घरात कुणी नाही म्हणून दौत पुढे ओढली आहे. अक्षर वाकडं आलं तर रागावू नका.

मला आपली ठाण्याची ओटी दिसते. मासुंद्याच्या तळ्याकडून वारा येतो आहे, एका बाजूला साहेबासाठी ठेवलेली खुर्ची आहे आणि समोर तुम्ही, मांडी घालून. जिल्ह्यात नवा आलेला कारभारी साहेब असो की रुळांच्या कामावरचा मिस्त्री, मराठी शिकायला तो तुमच्याकडेच यायचा. तुमच्या हाताशी एक लहानसा आरसा असायचा आणि कागदाची एक पट्टी. पट्टी साहेबानं ओठांपुढे धरायची. क म्हटला की ती हलता कामा नये, ख म्हटला की फडफडली पाहिजे. "घोडा" म्हणायला लागून साहेब कानापर्यंत लाल व्हायचा, आणि तुम्ही शांतपणे म्हणायचात, "पुन्हा." मी माजघराच्या दाराआड बसून ऐकायची. ळ वर सगळ्यांचं घोडं अडायचं. फळाचं फल व्हायचं, बाळाचं बाल. मला आत बसून हसू यायचं, कारण ळ मला येत होता.

बाकीचं काय येत नव्हतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. र माझ्या जिभेच्या शेंड्यावर वाजायचाच नाही, तो मागे पडजिभेपाशी घोळायचा. आणि स म्हणताना वारा दातांमधून सरळ न जाता गालाच्या बाजूनं निसटायचा. माझ्या माहेरच्या नावात र होता आणि स पण होता. तळ्यावर मुली मुद्दाम विचारायच्या, नाव काय गं तुझं? मी सांगायची नाही. मग त्याच माझ्यासारखं तोंड करून ते नाव सांगायच्या, आणि कळशी न भरताच मी घरी यायची.

तुम्ही प्रयत्न केलात. आधी वेखंड उगाळून मधातून चाटवलंत. मग साहेबांचा आरसा माझ्यापुढे आला. आणि मग बोरूचं मागचं टोक माझ्या जिभेखाली घालून तुम्ही जीभ वर उचलायला लागलात. रोज संध्याकाळी दिवा लागायच्या आधी आपण दोघं बसायचो. तुम्ही र म्हणायचात, मी र म्हणायची, आणि तुमच्या कपाळावर एक आठी यायची. साहेबांच्या वेळी ती आठी कधी नसायची. एके दिवशी बोरू घसरला की मी हलले कुणास ठाऊक, तोंडात रक्त आलं. आई बोंबील साफ करत होती, ती हळदीमिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. आयुष्यात तुम्हाला उलटून बोललेली मी तिला तेवढीच पाहिली. "तुमच्या साहेबांच्या जिभा सरळ करा. माझ्या पोरीची राहू द्या." तुम्ही बोरू धुतलात, कलमदानात ठेवलात, आणि पुन्हा कधी मला शिकवायला बसला नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनीच तो वेल्सचा माणूस आला. इंग्रजांच्याच बेटावरचा, पण त्यांची भाषा वेगळी आणि घरी आपण इंग्रजी बोलत नाही, असं त्यानं तुम्हाला सांगितलं होतं. कसाऱ्याच्या घाटात रूळ टाकायचं काम चाललं होतं, तिथल्या मजुरांशी बोलता यावं म्हणून तो मराठी शिकत होता. माणूस दांडगा, हाताला तेलाचा वास. तुम्ही त्याला गावाचं नाव विचारलंत. त्यानं सांगितलं, आणि मी दाराआड ताठ झाले. त्या नावाच्या सुरुवातीला माझा स होता. गालाच्या बाजूनं निसटणारा, अगदी तोच. तुम्ही त्याला पुन्हा म्हणायला लावलंत, पुन्हा म्हणायला लावलंत, आणि मग पाटीवर लिहून दाखव म्हणालात. त्यानं इंग्रजी ल ची दोन अक्षरं शेजारी शेजारी काढली. तो सांगू लागला, जीभ ल ला ठेवतात तशीच ठेवायची, पण ल म्हणायचा नाही, नुसता वारा सोडायचा. आमच्याकडे लहान मूलसुद्धा म्हणतं, इंग्रजाला मात्र जन्मात जमत नाही.

तुम्ही मला हाक मारलीत. परक्या पुरुषापुढे, तेही साहेबापुढे, तुम्ही मला कधी बोलावलं नव्हतं. मी चौकट धरून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, "साखर म्हण." मी मानेनंच नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, आणि तुमच्या कपाळावर आठी नव्हती म्हणून मी म्हटलं. तो माणूस खुर्चीत पुढे झाला. त्यानं मला "सकाळ" म्हणायला लावलं, "सोनं" म्हणायला लावलं, आणि मग आपल्या मोडक्या मराठीत तुम्हाला म्हणाला, "ही मुलगी माझ्या गावची." त्याचे डोळे ओले झाले होते. त्याची आई मागच्याच थंडीत वारली होती आणि त्याला बातमी बोटीनं कितीतरी उशिरा कळली होती, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. त्या रात्री जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "हिच्या जिभेत काही चूक नाही. हिची जीभ चुकून ठाण्यात उतरली एवढंच." आईनं मला माशाची एक तुकडी जास्त वाढली.

पुढे तुम्हाला नादच लागला. जो येईल त्याला तुम्ही आधी त्याच्या देशाची अक्षरं विचारायचात आणि शिकवणी मागून सुरू व्हायची. मुंबईहून एक जर्मन पाद्री यायचा, त्याचा र घशात घोळायचा, माझ्यासारखाच. तो तुम्ही मला दाराआडून मुद्दाम ऐकवलात. त्याच्या लिपीत काही स्वरांच्या डोक्यावर दोन टिंबं असतात, आणि तसा उ म्हणायचा तर ओठ उ चे करायचे आणि आतून ई म्हणायची. हे आपण दोघांनी जेवणाच्या पानावर करून पाहिलं आणि आई म्हणाली, वेड लागलंय दोघांना. तळ्याकाठच्या जुन्या इगर्जीतला, म्हणजे किरिस्तावांच्या देवळातला, गोव्याचा पाद्री पोर्तुगीज लिहायचा, तो स्वराच्या डोक्यावर लाटेसारखी रेघ काढायचा. ती पाहून तुम्ही खूश झालात. म्हणालात, आपला अनुस्वारच हा, आपण टिंब दिलं, यांनी समुद्र ओलांडायचा म्हणून लाट दिली. आणि एक नॉर्वे देशाचा मोजणीदार आला होता. त्यानं "बाळ" पहिल्याच फटक्याला बरोबर म्हटलं. तुम्ही गादीवरून उठून उभे राहिलात. इतक्या वर्षांत कुठल्याही साहेबाला न जमलेला ळ. हा तुम्ही कसा लिहिता, विचारलंत, तर तो ओशाळला. ओ च्या पोटातून तिरपी रेघ मारलेलं एक चमत्कारिक अक्षर त्यांच्याकडे होतं, पण ळ ला अक्षरच नव्हतं. खेड्यातले लोक तसं म्हणतात, शहरात शिकलेल्या माणसानं म्हटलं तर हसतात, आणि त्याच्या शाळेत त्यासाठी छडी बसायची. तो गेल्यावर तुम्ही किती वेळ येरझाऱ्या घालत होतात. आपल्या दारावर येणारी कोळीण डोळ्याला डोला म्हणते आणि घोड्याला घोरा, तिला कुणी बोबडी म्हणत नाही, कारण सबंध कोळीवाडा तसंच बोलतो, असं तुम्ही म्हणालात. तीच कोळीण एकदा आईला म्हणाली होती, "बाय, तुजे पोरीचा बोलना मना समदा समजतं." आई तिला त्या दिवशी भाव करायला विसरली.

एवढं सगळं तुम्ही मला दिलंत आणि मी ते घेऊन वाढले. मग मी दहा वर्षांची झाले आणि कल्याणचे लोक मला बघायला आले.

ओटीवर तीच गादी. आदल्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत की मान खाली घालून बस, विचारतील त्याला मी उत्तर देईन. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी नाव विचारलं. मी तोंड उघडणार तोवर तुम्ही माझं नाव सांगून टाकलंत, आणि म्हणालात, मुलगी लाजाळू आहे. मी लाजाळू नव्हते, आबा. तुमच्याकडून इतकं ऐकून ऐकून मला उलट वाटायला लागलं होतं की विचारू देत, मी सांगेन, आणि कुणी हसलं तर वेल्सचं सांगेन. मी त्या दिवशी गादीची शिवण उकलत बसले होते, ती नंतर आईनं पुन्हा घातली.

लग्न झालं. सासरी ताटात तांदूळ पसरून माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं. त्यात र नव्हता, स नव्हता, श पण नव्हता. मला वाटलं, देवानं ऐकलं. पण लगेच बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, आणि यांच्या नावात मधोमध र. मी घेतलं. चुलत सासू पदरात तोंड लपवून म्हणाली, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा घे. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "एकदा घेतलं, पुरे झालं. पानं मांडा." मला वाटलं, चुलीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं.

पुढची वर्षं बरीच गेली. हे भले होते, कधी माझ्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी कमी बोलायला शिकले. र नसलेले शब्द शोधायला शिकले, घर किंवा बिऱ्हाड न म्हणता जागा म्हणायचं, असं. तुम्ही कल्याणच्या गाडीनं यायचात, नातवाला मांडीवर घेऊन त्याची बडबड कान देऊन ऐकायचात, आणि त्याचा र शेंड्यावर वाजला तेव्हा तुम्ही सुटकेचा श्वास सोडलात तो मी पाहिला. मग तुम्हाला ताप आला आणि तुम्ही गेलात. मी पोचेपर्यंत तुमचं बोलणं थांबलं होतं.

मला काही विचारायचंच नव्हतं तोवर. विचारायचं आहे हे कळलं ते माझ्या मुलाच्या लग्नात. सुनेचं नाव काय ठेवायचं यावर घरात वाद चालला होता, आणि सासूबाई, तेव्हा अगदी थकल्या होत्या, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या की तुझ्या वेळी तर तुझ्या वडिलांनी घोळच घातला होता, आम्ही कुलदेवीचं नाव ठेवणार होतो. मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या आधी तुम्ही एकटे कल्याणला आला होतात. बसा म्हटलं तरी बसला नाहीत. उभ्या उभ्या माझ्या सासऱ्यांना म्हणालात, "पोरीच्या जिभेत खोट आहे. आधी सांगतो, मागाहून बोल नको. मोडायचं तर आज मोडा. पदरात घेणार असाल तर नाव असं द्या की तिला स्वतःचं म्हणता येईल." म्हणजे सासूबाईंना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. त्या चुलीपाशी वळल्या नाहीत त्या ऐकू आलं नाही म्हणून नाही. मी त्यांना विचारलं, हे सांगताना आबांचा चेहरा कसा होता? त्या म्हणाल्या, मी आत होते, दाराआड. मला आवाज तेवढा ऐकू आला.

आबा, खोट. हा शब्द तुम्ही माझ्यापुढे कधीच उच्चारला नव्हता. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही माझं बोलणं लपवून मला उजवलंत, आणि त्याचा मला थोडा राग होता. आता कळलं की लपवलं नव्हतं. तुम्ही स्वतः जाऊन सांगितलं होतंत. त्यानं राग जायला हवा होता. तो वाढला. कारण लपवणारा माणूस निदान नाव तरी ठेवत नाही. जेवणाच्या पानावर तुम्ही म्हणायचात, चूक नाही. कल्याणच्या ओटीवर म्हणालात, खोट आहे. यातलं तुमचं खरं कोणतं? बोरूनं जमलं नाही म्हणून तुम्ही मला ते सगळे देश गोळा करून दिलेत का? की देश खरे होते आणि तो शब्द नुसता कल्याणच्या लोकांसाठी होता? सोयरीक ठरवताना वेल्सच्या माणसाची गोष्ट सांगून कोण ऐकणार, हे मलाही समजतं. समजतं आणि तरी मी स्वयंपाकघरात हातातलं भांडं आपटते. सुनेला वाटतं तिचंच काही चुकलं.

तर ही नात. मुलगा म्हणाला म्हणून मी तिला घेऊन बसले. बोरू घेतला नाही, नुसती समोर बसवली. म्हटलं, र म्हण. ती म्हणाली, "आजी, तू म्हणून दाखव." मी म्हटला. ती टक लावून माझ्या तोंडात बघत राहिली आणि मग टाळ्या पिटायला लागली, म्हणाली, तुझापण माझ्यासारखाच आहे. मग मी काय करणार? मी तिला जर्मन पाद्र्याचं सांगितलं, टिंबांचं सांगितलं, लाटेचं सांगितलं. मी बोलत होते आणि माझ्या तोंडून तुमचेच शब्द येत होते, जसेच्या तसे. संध्याकाळपर्यंत ती सगळ्या आळीत सांगून आली की माझा र जर्मन आहे. मुलगा कपाळाला हात लावून बसला. सून हसली, पण दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप वेखंड उगाळलेलं मी पाहिलं.

शाळेत घालायचं ठरलं. मुलगा सकाळच्या गाडीनं ठाण्याला कचेरीत जातो, म्हणून काल मुलींच्या शाळेत तिला मीच घेऊन गेले. शेणाळ्या तळ्याच्या काठानं चाललो होतो तेव्हा ती उड्या मारत होती. मास्तर वयस्कर, चष्म्यावरून बघणारे, हातात वेताची छडी. त्यांनी तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं, ठणठणीत आवाजात. तिच्या नावात सुरुवातीलाच र आहे. ते नाव ठेवताना मी घरात असून काही बोलले नव्हते. मागच्या ओळीतल्या मुली हसल्या. एकीनं लगेच तसंच म्हणून दाखवलं. मास्तरांनी छडी टेबलावर आडवी ठेवली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पुन्हा सांग."

माझ्या नातीनं तोंड उघडलं होतं. ती सांगणारच होती, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आणि मी पुढे झाले. मी म्हटलं, "मास्तर, पोरीच्या जिभेत थोडी खोट आहे. सांभाळून घ्या."

माझाही र त्यांनी ऐकला असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांचा चेहरा निवळला. मागच्या मुलींना त्यांनी दटावलं, तिला अगदी पुढे, आपल्या हाताशी बसवलं, आणि म्हणाले, काळजी करू नका, आजीबाई. मी तिथं उभी राहून बघत होते. तो शब्द चालला होता. त्यानं तिला जागा मिळाली होती.

शाळा सुटल्यावर आणायलाही मीच गेले. परत येताना ती उड्या मारत नव्हती. तळ्यापाशी आल्यावर तिनं विचारलं, "आजी, खोट म्हणजे काय?" मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगते. घरी गेल्यावर म्हटलं, जेव आधी. आज सकाळी तिची वेणी घालत होते तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, आणि मी पेड ओढून बांधला आणि म्हटलं, मान हलवू नकोस. ती गेली शाळेत. आता येईल थोड्या वेळात, आणि विचारेल. मी तिच्या वयाची असताना मला तो शब्द कळला असता आणि मी तो तुम्हाला विचारला असता, तर तुम्ही काय केलं असतंत ते मला समजत नाही. पानावरून उठून गेला असतात बहुतेक.

मी तुम्हाला जाब विचारायला बसले होते. ते नीट जमलं नाही, कारण एक गोष्ट सारखी आड येते आहे आणि ती लिहिल्याशिवाय हा कागद मला घडी करता येणार नाही. काल शाळेत तो शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, आबा. हलकं वाटलं. वाईट वाटलं ते तळ्यापाशी, तिनं विचारल्यावर.